जाळीची डिश : स्वनिर्मित अन्वस्ताकार अँटेनांच्या इतिहासातील काही टप्पे (१९३७ ते २००१)

अवकाश संदेशवहनाचा इतिहास बहुधा वरून खाली लिहिला जातो. प्रक्षेपक, उपग्रह, त्यांच्या कक्षा आणि त्यांमागील करारमदार यांना त्यात मानाचे स्थान मिळते. जमिनीवर उभी राहून त्या उपग्रहाकडे तोंड करणारी डिश मात्र केवळ उपकरण म्हणून एखाद्या वाक्यात उल्लेखिली जाते. ती डिश एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या अंगणात लाकूड, पत्रा व तार वापरून बनविली असेल, तर तिची नोंद 'छंद' या सदराखाली होते आणि विषय तेथेच संपतो. प्रस्तुत निबंधात अशा स्वनिर्मित व अल्पखर्ची डिशांचा आढावा घेतला असून, त्या घडविणाऱ्यांनी अचूकतेविषयी जो निर्णय घेतला तो अज्ञानातून अथवा नाइलाजाने आलेला नव्हता, तर तरंगांच्या स्वरूपाची पुरती जाण ठेवून घेतलेला होता, असे प्रतिपादन केले आहे. भारतातील रेडिओ खगोलशास्त्र आणि उपग्रह दूरदर्शन या दोहोंच्या आरंभी हाच निर्णय आढळतो, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

तांत्रिक पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अन्वस्त वक्राचा गुणधर्म असा की त्याच्या अक्षाला समांतर येणारे सर्व किरण परावर्तित होऊन एकाच बिंदूत, म्हणजे नाभीत, एकत्र येतात. डिशचा व्यास आणि नाभीय अंतर ठरले की तिची खोली ठरते. व्यासाच्या वर्गाला नाभीय अंतराच्या सोळापटीने भागले की ती मिळते. तीन मीटर व्यासाच्या व १.२ मीटर नाभीय अंतराच्या डिशची खोली सुमारे ४७ सेंटिमीटर भरते. प्लायवूडचा एक फर्मा कापून घेतला तर गावातील सुतारालाही एवढा वक्र साधता येतो. प्रश्न उरतो तो पृष्ठभाग किती काटेकोर हवा याचा. त्याचे उत्तर तरंगलांबीवर अवलंबून असते. पृष्ठभागातील चढउतार तरंगलांबीच्या साधारण सोळाव्या हिश्शाहून कमी असले आणि जाळीची छिद्रे तिच्या दहाव्या हिश्शाहून लहान असली, तर रेडिओतरंगांच्या दृष्टीने ती जाळी जवळजवळ अखंड आरशासारखी वागते. प्रकाशाच्या दुर्बिणीचा आरसा घासण्यास महिनोन्‌महिने लागतात, कारण प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. रेडिओतरंगांसाठी मात्र कित्येकदा कुंपणाची जाळी पुरेशी ठरते.

व्हीटन येथील प्रयोग

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील व्हीटन या गावी होतो. ग्रोट रेबर (१९११-२००२) हा शालेय वयातच हौशी रेडिओचा परवाना मिळविलेला तरुण होता. डब्ल्यू ९ जीएफझेड हे त्याचे संकेतनाम. अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो शिकागो परिसरातील रेडिओ उद्योगात नोकरी करीत असे. बेल प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की याने १९३३ साली आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओ खरखरीचा शोध जाहीर केला होता. तथापि खगोलशास्त्रज्ञांना रेडिओत रस नव्हता आणि रेडिओ अभियंत्यांना आकाशात नव्हता. ही दरी रेबरने स्वतःच्या पगारातून भरून काढण्याचे ठरविले.

१९३७ च्या उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर या काळात, त्याने आईच्या घराशेजारील मोकळ्या जागेत ३१.४ फूट व्यासाची डिश उभारली. ७२ लाकडी त्रिज्या-पट्ट्यांवर जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचे ४५ तुकडे त्याने स्क्रूने बसविले. वर-खाली हालचालीसाठी फोर्ड मॉडेल टी गाडीचे भाग उपयोगात आणले. सर्व बाजूंना फिरणारी बैठक आर्थिकदृष्ट्या परवडणारी नव्हती. त्यामुळे डिश केवळ उत्तर-दक्षिण रेषेत वरखाली होई आणि पूर्व-पश्चिम हालचालीचे काम पृथ्वीच्या परिवलनावर सोपविलेले असे. एकूण खर्च सुमारे १३०० डॉलर आला. पावसाचे पाणी डिशच्या मध्यभागी ठेवलेल्या छिद्रातून धो धो खाली पडू लागल्यावर हे यंत्र पाऊस पाडण्यासाठी आहे, असा समज काही गावकऱ्यांनी करून घेतल्याचे सांगतात.

रेबरने अन्वस्ताकारच का निवडला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जान्स्कीची अँटेना एका ठरावीक तरंगलांबीला जुळविलेली होती. तरंगलांबी बदलायची तर संपूर्ण रचना मोडून नवी बांधावी लागली असती. डिशचे तसे नसते. तीत नाभीपाशी ठेवलेला ग्राहक तेवढा बदलावा लागतो. या निवडीचे मोल पुढे दिसून आले. तापलेल्या वस्तूचे प्रारण उच्च वारंवारतेकडे वाढते या तत्कालीन समजुतीनुसार त्याने प्रथम ३३०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे ९ सेंटिमीटर तरंगलांबीवर, निरीक्षणे घेतली. काहीही आढळले नाही. नंतर ९१० मेगाहर्ट्झवर प्रयत्न झाला, तोही निष्फळ ठरला. तिसऱ्या खेपेस १६० मेगाहर्ट्झवर, म्हणजे १.८७ मीटर तरंगलांबीवर, आकाशगंगेचा संदेश मिळाला. या क्रमातच एक शोध दडलेला होता. कमी वारंवारतेला प्रारण अधिक प्रबळ असेल तर ते उष्णतेपासून आलेले नसणार, हे त्यातून सूचित झाले. त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळण्यास १९५० च्या सुमाराचा काळ यावा लागला.

दिवसा नोकरी, सायंकाळी झोप आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत निरीक्षण, असा त्याचा क्रम असे. दिवसा रस्त्यावरील मोटारींच्या ठिणग्यांचा व्यत्यय नोंदी बिघडवी. १९४० साली त्याचे निष्कर्ष रेडिओ अभियंत्यांच्या आणि खगोलशास्त्रज्ञांच्या अशा दोन्ही नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. दुसऱ्या नियतकालिकाचे संपादक ऑटो स्ट्रूव्ह यांच्या यर्किस वेधशाळेतील मंडळी अंगणातील हे यंत्र प्रत्यक्ष पाहून गेली होती. १९४४ साली त्याने १६० मेगाहर्ट्झवरील आकाशाचा नकाशा प्रकाशित केला. जान्स्कीच्या शोधानंतरची जवळपास दहा वर्षे या विषयात सातत्याने काम करणारी ही जगातील एकमेव व्यक्ती होती, आणि तिच्या पाठीशी कोणतीही संस्था नव्हती. ती डिश पुढे ग्रीन बँक येथील राष्ट्रीय वेधशाळेत नेऊन पुन्हा उभारण्यात आली.

रेबरच्या एकाकी परिश्रमाचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळणे मात्र इष्ट. तो प्रशिक्षित अभियंता होता. मोजमापाची साधने आणि रेडिओ नलिकांची ताजी माहिती त्याला व्यवसायामुळे उपलब्ध होती. अंगण त्याचे असले तरी ज्ञान उद्योगाकडून आलेले होते. स्वनिर्मितीच्या बहुतेक उदाहरणांत हेच आढळते.

तार, मचाण आणि ताण

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील जॉड्रेल बँक येथे १९४७ साली २१८ फूट व्यासाची स्थिर डिश उभी राहिली. बांधकामाचे मचाण उभारण्याचे नळ आणि त्यांवर विणलेली तार एवढेच तिचे साहित्य होते. डिश हलत नसे, म्हणून मध्यभागचा उंच खांब थोडा कलता करून नजर फिरवीत. या रचनेच्या साहाय्याने हॅनबरी ब्राउन आणि सिरिल हॅझर्ड यांनी १९५० साली देवयानी दीर्घिकेकडून येणारे रेडिओतरंग नोंदविले. (हॅनबरी ब्राउन यांचा जन्म निलगिरीतील अरवंकाडू येथला, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) विद्यापीठातील मंडळींनी स्वतः तारा ओढून बांधलेल्या या डिशच्या यशामुळेच तेथील पुढील प्रचंड फिरत्या दुर्बिणीची कल्पना बळावली.

हौशी रेडिओचालकांनी डिशचा उपयोग प्रामुख्याने चंद्रावरून संदेश परावर्तित करण्यासाठी केला. जुलै १९६० मध्ये अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरील हौशी केंद्रांनी १२९६ मेगाहर्ट्झवर चंद्रामार्गे परस्परांशी दुतर्फा संपर्क साधला. पृथ्वीपासून चंद्रापर्यंत जाऊन परत येण्यास संदेशाला सुमारे अडीच सेकंद लागतात आणि परतताना त्याचा अत्यल्प अंश हाती लागतो. त्यामुळे डिश मोठी असणे अनिवार्य होते, आणि हौशी माणसाच्या खिशाला ती परवडणेही तितकेच अनिवार्य होते. यातून 'ताणलेली डिश' ही रचना पुढे आली. १९७२ साली 'क्यूएसटी' या हौशी रेडिओच्या मासिकात १२ फुटी डिशची अशी कृती प्रसिद्ध झाली. तीत सरळ पट्ट्या मध्यभागी घट्ट बसवून त्यांची टोके दोऱ्यांनी आत ओढली जातात. पट्ट्या वाकतात आणि जो आकार मिळतो तो अन्वस्ताच्या इतका जवळ असतो की उरलेली चूक त्या तरंगलांबीला जाणवत नाही. वक्र कापण्याऐवजी ताणाकडून तो करवून घेण्याची ही युक्ती ध्यानात ठेवावी. खोडद येथे तिच्याशी नाते सांगणारी रचना पुन्हा भेटते.

सिडनी ते कल्याण

भारतातील रेडिओ खगोलशास्त्राचा पाया घालणारे गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) १९५३ ते १९५५ या काळात सिडनी येथील संशोधन संस्थेत जोसेफ पॉसी यांच्या हाताखाली काम करीत होते. तेथील पॉट्स हिल येथे क्रिस्टियनसन यांनी सूर्याच्या निरीक्षणासाठी सहा फूट व्यासाच्या ३२ डिशांची रांग उभारली होती. नवी रचना हाती घेतल्यावर या डिशा निकामी ठरणार होत्या. त्या भारताला द्याव्यात अशी विनंती स्वरूप यांनी केली व ती मान्य झाली. वाहतुकीच्या खर्चाच्या प्रश्नावर मध्ये काही काळ गेला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत पोहोचलेल्या या डिशा अखेर टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे आल्या आणि १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे कार्यान्वित झाल्या. २४ डिशा पूर्व-पश्चिम व ८ उत्तर-दक्षिण अशी त्यांची मांडणी होती. ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचे वेध घेतले गेले.

दुसऱ्याने मोडीत काढलेल्या साहित्यातून उभी राहिलेली ही भारतातील पहिली रेडिओ व्यतिकरणमापी दुर्बीण होय. तिची शास्त्रीय फलश्रुती मर्यादित असली तरी तिच्यावर तयार झालेल्या तरुण गटाने पाच वर्षांत, १९७० साली, उदकमंडलम येथे ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दंडगोलाकार अन्वस्ताची दुर्बीण पूर्ण केली. तिचा परावर्तक पृष्ठभाग ११०० पोलादी तारांचा आहे. पत्रा तेथेही नाही.

साइट : चोवीसशे गावे, एक वर्ष

भारतीय संदर्भात जाळीच्या डिशचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे 'साइट', अर्थात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची अंतराळ संस्था 'नासा' यांच्यात १९६९ साली करार झाला. मे १९७४ मध्ये प्रक्षेपित झालेला एटीएस-६ हा उपग्रह पुढील वर्षी ३५ अंश पूर्व रेखांशावर आणण्यात आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत सामुदायिक संचांवर कार्यक्रम पोहोचले. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा मात्र एकनाथ वसंत चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. अहमदाबादच्या केंद्राचे नेतृत्व यश पाल यांच्याकडे होते.

प्रत्येक गावात तीन मीटर व्यासाची डिश उभी करण्यात आली. तिचा पृष्ठभाग कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या षट्कोनी जाळीचा होता. प्रसारण ८६० मेगाहर्ट्झवर होते, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. दहाव्या हिश्शाच्या नियमाने साडेतीन सेंटिमीटरपर्यंतची छिद्रे चालण्यासारखी होती आणि बाजारातील खुराड्याची जाळी या मर्यादेत सहज बसत होती. पृष्ठभागात दोन सेंटिमीटरचा चढउतारही खपून जाणारा होता. एवढ्या डिशची दृष्टिशलाका सुमारे आठ अंश रुंद असते आणि उपग्रह आकाशात जवळजवळ स्थिर होता. तेव्हा एकदा रोख धरून डिश पक्की केली की काम भागत असे. जाळीतून वारा पार होतो, त्यामुळे पायाही फार मजबूत लागत नाही. सुटे भाग खेड्यापर्यंत नेऊन तेथे जोडता येत. या सर्व बाबींचा विचार केला म्हणजे खुराड्याची जाळी हा गरिबीचा उपाय होता, हे सर्रास केले जाणारे विधान अपुरे वाटू लागते. पैसा मुबलक असता तरी या तरंगलांबीला, या हवामानात आणि या रस्त्यांवरून नेण्यासाठी पत्र्याची डिश शहाणपणाची ठरली नसती.

तथापि दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. खालची डिश साधी राहू शकली, कारण वरची अवाढव्य होती. एटीएस-६ वर नऊ मीटरहून अधिक व्यासाची, अवकाशात उलगडणारी डिश आणि त्या काळाच्या मानाने शक्तिशाली ८० वॅटचा प्रक्षेपक होता. गावातील काटकसरीची किंमत कक्षेत मोजली गेली होती आणि कक्षेतील ते यंत्र भारताच्या मालकीचे नव्हते. कराराचे वर्ष संपताच उपग्रह पश्चिमेकडे हलविण्यात आला. शाळकरी मुलांसाठी सकाळी दीड तास आणि सर्वांसाठी सायंकाळी अडीच तास चालणारे कार्यक्रम थांबले. चोवीसशे डिशा जागच्या जागी होत्या, त्यांचा रोखही अचूक होता. ज्याच्याकडे रोख धरलेला होता तो मात्र तेथे उरला नव्हता. काही भागांत नंतर जमिनीवरील प्रक्षेपक उभारून दूरदर्शन चालू ठेवण्यात आले. त्यासाठी डिश लागत नव्हती.

याच प्रसारणाचे दोन अनाहूत प्रेक्षक इतिहासात नोंदले गेले आहेत. त्यांपैकी एकास अनाहूत म्हणणे पूर्णतः योग्य नाही. भूस्थिर उपग्रहांद्वारे संदेशवहनाची कल्पना १९४५ साली मांडणारे लेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या कोलंबो येथील घरी भारतीय अभियंत्यांनीच १५ फुटी डिश उभारून दिली होती. दुसरा प्रेक्षक मात्र कोणाच्याही यादीत नव्हता. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे स्टीव्ह बर्किल या अभियंत्याने घरी बनविलेल्या डिशवर आणि ग्राहकावर भारतीय खेड्यांसाठीची ही चित्रे पकडली. तेथून उपग्रह क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर होता आणि त्याची शलाका इंग्लंडकडे रोखलेलीही नव्हती. कडेने निसटणाऱ्या क्षीण तरंगांतून हिंदी, तेलुगू, कन्नड किंवा ओरिया कार्यक्रमांची चित्रे मिळविणे हे मोठे तांत्रिक कौशल्य होते. त्यांच्या प्रयोगांनी युरोपातील हौशी उपग्रह-ग्रहणाला चालना दिली. ज्यांच्यासाठी प्रसारण होते त्यांना उपग्रह निघून गेल्यावर काहीच करता आले नाही. ज्याच्यासाठी ते नव्हते त्याने मात्र ते हस्तगत केले आणि पुढे अन्य उपग्रहांकडे मोर्चा वळविला. दोघांच्या डिशांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो डिश का चालते हे कोणाला ठाऊक होते, यात. सामुदायिक संचांची देखभाल बाहेरून येणारे तंत्रज्ञ करीत. गावाकडे डिश आली, पण ती घडविण्याची विद्या आली नाही. साइटच्या यशापयशाची चर्चा कार्यक्रमांच्या आशयावर पुष्कळ झाली आहे. या अंगाने ती अधिक व्हावयास हवी.

ऐकण्याचा अधिकार

अमेरिकेत १९७६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांनी केबल कंपन्यांसाठीचे उपग्रह प्रसारण घरच्या घरी ग्रहण केले. त्यांनी संबंधित वाहिनीला शुल्क देऊ केले, पण ते स्वीकारले गेले नाही. व्यक्तिगत ग्राहक ही संकल्पनाच तेव्हा नव्हती. हॉवर्ड यांनी आपल्या यंत्रणेची कृती पुस्तिकारूपाने उपलब्ध केली. १९७९ साली केवळ ग्रहण करणाऱ्या डिशसाठी परवान्याची सक्ती तेथे उठली, १९८४ च्या कायद्याने अशा ग्रहणास मान्यता दिली आणि १९८६ पासून वाहिन्यांनी आपले प्रसारण सांकेतिक करून घरगुती डिशवाल्यांची वाट अडविली.

भारतात क्रम निराळा राहिला. १९८३ साली प्रक्षेपित झालेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहामुळे सामुदायिक संचांची योजना पुन्हा सुरू झाली आणि या खेपेस महाराष्ट्राचाही तीत समावेश झाला. वारंवारता आता सुमारे २५०० मेगाहर्ट्झ होती. तरंगलांबी १२ सेंटिमीटरवर आल्याने जाळी अधिक बारीक आणि आकार अधिक नेमका हवा होता. १९९१ साली आखाती युद्धाची दृश्ये व त्यानंतर एशियासॅट-१ वरील वाहिन्या आल्या, तेव्हा तरंगलांबी साडेसात सेंटिमीटरपर्यंत उतरली होती. तरीही शहरोशहरीच्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यांनी ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या व जाळी वापरून मोठाल्या डिशा बनविल्या. लोक त्यांना 'छत्री' म्हणत. गच्चीवर होकायंत्र, ओळंबा आणि एक छोटा टीव्ही घेऊन रोख धरणारा केबलचालक हा त्या दशकातील परिचित कारागीर होय. केबल जाळ्यांचे नियमन करणारा कायदा १९९५ साली आला, तोवर हा धंदा गल्लोगल्ली रुजला होता. या कारागिरांच्या फर्म्यांची, चुकांची आणि क्लृप्त्यांची पद्धतशीर नोंद होणे अगत्याचे आहे, कारण नंतरच्या लहान, कारखान्यात ठोकलेल्या घरगुती डिशांनी ती विद्या निरुपयोगी ठरविली. सुमारे अडीच सेंटिमीटर तरंगलांबीला खुराड्याची जाळी चालत नाही.

खोडद

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावाजवळील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) उभी आहे. ४ ऑक्टोबर २००१ रोजी तिचे लोकार्पण झाले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशा सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत. ही अर्थातच अंगणातील डिश नव्हे. राष्ट्रीय स्तरावरील, संगणकीय रचनेतून आलेली ती यंत्रणा आहे. परंतु तिच्या केंद्रस्थानी असलेला निर्णय या निबंधातील जुन्या उदाहरणांशी जुळणारा आहे. एवढ्या व्यासाची पत्र्याची डिश वाऱ्यात टिकविण्यासाठी लागणारे पोलाद भारतीय अंदाजपत्रकात बसणारे नव्हते. स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिज्यांच्या दिशेने सोळा वक्र चौकटी उभ्या केल्या, त्यांच्यामध्ये पोलादी दोरांचे ताणलेले जाळे बांधले आणि त्यावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या निष्कलंक पोलादी तारेची जाळी ओढून बसविली. जाळी काटेकोर वक्र घेत नाही. लहान लहान सपाट तुकड्यांनी ती अन्वस्ताच्या जवळ जाते. तिची छिद्रेही सर्वत्र सारखी नाहीत. मध्यभागी ती १० मिलिमीटरची, त्याबाहेर १५ ची आणि कडेला २० मिलिमीटरची आहेत, कारण कडेच्या भागाचा वाटा कमी आणि तेथे वाऱ्याचा भार अधिक त्रासदायक असतो. २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंतच्या तरंगांना ही जाळी अखंड दिसते. नारायणगाव परिसरातील द्राक्षबागा व शेतांमधून जाणाऱ्या वाटसरूला मात्र तिच्यातून आरपार आकाश दिसते.